ग्लासातले दात

रोज रात्री साडेनऊला
सिन्योरा इमाकोलाता तोंड उघडते
आणि मी तिची कवळी काढून घेते.
आधी वरची, मग खालची.
कोमट पाणी, मऊ ब्रश, फसफसणारी गोळी.
बोळकं झालं की ती खरं बोलते:
मुलगा येत नाही,
सून घराच्या कागदांचं विचारते,
तू जाशील तेव्हा सांगून जा.

बारीचं बंदर या खिडकीतून दिसत नाही,
नुसता भोंगा ऐकू येतो.
पाण्यात दात असतात त्याहून मोठे दिसतात.

अकरा वर्षं हे.
यातूनच माझ्या आईच्या जबड्यात
सहा स्क्रू बसले, टायटॅनियमचे,
ओझुर्गेतीत, डॉक्टर झाझाच्या दवाखान्यात.
त्यानं तीन हप्ते घेतले, चौथा सोडून दिला,
कारण चहाच्या कारखान्यात असताना
आईनं त्याच्या बापाला एका हिवाळ्यापुरते
बूट दिले होते.

आईचे दात काही रांगेनं गेले नाहीत.
काही गेले वीज नव्हती, पाव नव्हता त्या वर्षी.
दोन माझ्या वेळच्या बाळंतपणात, असं ती म्हणते,
म्हणजे भांडताना म्हणते.
एक सोन्याचा होता. तो काढला
तेव्हा तिनं काडेपेटीत ठेवला
आणि पेटीवर माझं नाव लिहिलं.

एक्स-रे पाठवला तिनं फोनवर.
काळ्यात पांढरे स्क्रू,
कुणी खुर्ची दुरुस्त करायला घ्यावी
आणि मध्येच जेवायला जावं तसे.

हाड धरायला चार महिने लागतात, डॉक्टर म्हणाला.
तोवर मऊ खा. घाई नको.
हाड हळूहळू त्या परक्या धातूभोवती वाढतं,
मग त्याला सोडत नाही.
(इथे मला काहीतरी सुचत होतं
अकरा वर्षांबद्दल,
पण सकाळी सहाला उठायचं होतं.)

चार महिने पातळ लापशी,
आणि फोनवर बोलताना तोंडावर हात.
तो हात बघतच मी मोठी झाले:
लग्नांत, फोटोंत,
मी निघाले त्या दिवशी मिनीबसच्या काचेबाहेर.
मला वाटायचं, बायका हसतात त्या अशाच.

परवा दात बसले.
ऐक, ती म्हणाली.
लहानपणी ती हेझलनट दातानं फोडून
अर्धं मला द्यायची.
दात नव्हते तेव्हा पोती भरून यायचे,
आणि यंदा किड्यांनी सगळी बाग पोखरली,
एक दाणा भरला नाही.
मग तिनं साखरेचा खडा घेतला,
फोन गालाला लावला.

कडाक्.

अजून एक, मी म्हटलं.
डॉक्टरनं बजावलंय, ती म्हणाली,
आणि अजून एक फोडला.

मग ती हसली, दोन्ही हात मांडीवर.
दात जरा जास्तच पांढरे आहेत,
कुणा मुख्याध्यापिकेचे आणल्यासारखे.
ते मी बोलले नाही. मीही हसले.
तिचं हसू थांबलं.

"हात का तोंडावर?"

डावा सुळा, आणि त्याच्या शेजारचा,
मागच्या ईस्टरनंतर.
इथे एकाचे जेवढे सांगतात
तेवढ्यात तिकडे तिचे तीन बसले.
"सर्दी झालीय," मी म्हटलं.

"हात काढ, ग्वान्त्सा."

पलीकडच्या खोलीतून हाक आली, पाणी.
फोन घाईत टेबलावर टेकवला, ग्लासाकडे तोंड करून,
आणि गेले.
सिन्योराला उठवून बसवलं, पाणी पाजलं, हनुवटी पुसली,
उशी उलटी केली.

परत आले तर आई तिथेच होती,
ग्लासातल्या दातांकडे टक लावून.
"हे तिचे," ती म्हणाली.
"माझे हे."
मग कुठूनशी काडेपेटी आणली
आणि फोनजवळ धरून हलवली.
आत एकच होता तो,
पण केवढा वाजला.